बावडीच्या पाण्याचं वर्ष

देवासहून धारच्या मुलींच्या शाळेत नोकरीला आले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि भूगोल आपल्याला येतो अशी माझी ठाम समजूत होती. मध्य भारत राज्य झाल्यापासून शाळेत पुस्तकं हिंदी आली होती. मी ती हिंदीत वाचायची आणि मुलींना मराठीत समजावायची, त्यामुळे निम्मं पुस्तक आपणच लिहिलंय असं मला वाटे. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

परीक्षा आटोपल्यावर भर उन्हाळ्यात सात मुलींना घेऊन मी बदनावरच्या रस्त्याला एका बावडीवर गेले. बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर. तिची एक बाजू ढासळून जमिनीचे थर उघडे पडले होते. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. मी छडीनं एकेक थर दाखवला. पावसाचं पाणी यातून झिरपतं, गाळून निघतं, म्हणून विहिरीचं पाणी स्वच्छ, असं सांगितलं. सांगून थांबले असते तर! पण मी पायऱ्या उतरले, ओंजळभर प्यायले आणि म्हणाले, "या, पिऊन बघा." सहाजणींनी घोट घोट घेतला. सातवी, सगळ्यांत धाकटी, बाईंना खूश करायला दोन ओंजळी प्यायली.

तेवढ्यात मुलींची ने-आण करणारी शाळेची बाई डब्यांचं गाठोडं घेऊन मागून आली आणि तिनं कपाळावर हात मारला. "बेनजी, यो पाणी कँई पिलई दियो? याँ तो नारू है! म्हारे बी याँज से निकळ्यो थो." लुगडं जरा वर करून तिनं घोट्याजवळचा नारूचा व्रण दाखवला.

देवासला आमच्या विहिरीला कठडा होता, रहाट होता. पाण्यात पाय घालायची कुणाची टाप नव्हती. इथं पायऱ्या होत्या, आणि पायऱ्यांवरून माणसं थेट पाण्यात उतरत, ही साधी गोष्ट माझ्या भूगोलात बसली नव्हती. संध्याकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावलं. नारू झालेल्या माणसानं पाण्यात पाय घातला की किड्याची पिल्लं सुटतात, पाण्यातल्या इवल्या पिसवांच्या पोटात जातात, आणि तेच पाणी आपण पितो. दुहेरी फडक्यातून गाळलं असतं तरी भागलं असतं. आता यावर औषध नाही. निघाला तर वर्षभरानं पायातून निघेल, हातभर लांब दोऱ्यासारखा.

शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, बोभाटा करू नका. मी ऐकलं नाही. सातही घरी जाऊन सांगितलं. सहा घरांत बोलणी खाल्ली. धाकटीच्या आईनं मात्र दारातच सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही पाजलंत, तुम्हीच बघा. दर रविवारी पाठवीन, पाय तपासून परत पाठवा."

मग दर रविवारी ती पोर धुतलेल्या पायांनी माझ्या खोलीवर यायची आणि ओसरीवर बसून पाय लांब करायची. मी बोटं, तळवे, घोटे दाबून बघे. बारीकशी पुळी दिसली तरी मी तिचा पाय उजेडाकडे ओढून पुन्हा पुन्हा बघे. "बाई, तो डास चावलाय," असं तीच मला धीर देई. शिक्षा द्यावी तर या बाईनं, असं मी मनात म्हणे. रविवार मला नकोसा झाला.

पुढच्या वैशाखात आग झाली ती माझ्याच घोट्याला. फोड आला, फुटला आणि पांढरं टोक बाहेर आलं. खोटं कशाला सांगू, मला आधी हायसं वाटलं. निघायचा तो माझ्या पायातून निघाला! पण पाणी नारूचंच होतं हे आता ठरलं, आणि ते हायसं वाटणं तिथंच संपलं. काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढताना मी कळवळायची, आणि डोळ्यांसमोर यायचे ते त्या पोरीचे पाय.

जेठ गेला, आषाढ गेला. नागपंचमी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता मुदत टळली. सातहीजणी सुटल्या." माझ्या जिवात जीव आला. लंगडतच मी धाकटीला घेऊन तिच्या घरी गेले आणि तिच्या आईला सांगितलं.

ती खाली बसली. लेकीचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन उलटेपालटे करून बघत राहिली.

"वर्षभरात आज पहिल्यांदा बघतेय," ती म्हणाली. "मला बघायचा धीरच होत नव्हता हो बाई. म्हणून तुमच्याकडे पाठवायचे."

मी शिक्षा समजत होते! मला रडू कोसळलं, आणि तिलाही. डोळे पुसून ती म्हणाली, "पुढच्या सहलीला हिला न्यायला विसरू नका. पाणी मी घरून देईन. तुमच्यासाठीसुद्धा."