बुडालेल्या बोटीवरचा नारळ

तुम्ही कधी मेलेल्या माणसाच्या खिशात हात घातला आहे का?

शरयूताईंनी मला पहिल्याच भेटीत, पोहे खाता खाता, हे विचारलं. मी वेलिंग्टनला शिकायला आलो होतो आणि जॉन्सनव्हिलमधल्या त्यांच्या घराची मागची खोली बघायला गेलो होतो. घाबरून "नाही" म्हणालो. "मग राहा," त्या म्हणाल्या.

ताई मूळच्या वेंगुर्ल्याच्या, पोरिरुआच्या एका दवाखान्यात नर्स. पन्नाशीला आल्यावर स्कूबा डायव्हिंग शिकल्या. "पाण्याखाली कुणी बेल वाजवून बोलावत नाही रे," एवढंच कारण सांगत. त्या काळ्या रबरी सुटात शिरताना मात्र सगळं वेंगुर्लं तोंडातून बाहेर पडे. "ह्या मेल्यात शिरण्यापेक्षा बाळंतपण बरं!"

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. वडील मोर्चांची पत्रकं छापत; मला अक्षरओळख झाली ती 'जाहीर निषेध'वरून. त्यामुळे देवधर्मावरून आमचं रोज वाजे. ताई मला 'क्रांतिकारक' म्हणत, तेही भांडी घासायला बोलावताना.

त्यांच्या डायव्हिंग क्लबला एक फिल्म करायची होती. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या किनाऱ्याजवळ एक आगबोट बुडाली होती, तिच्यावर. शूटिंग ताईंकडे. क्लबचा नियम एकच: बोटीवरची कुठलीही वस्तू उचलायची नाही. अध्यक्ष ग्रॅहम दर वेळी होडीवर हा नियम शाळेतल्या प्रतिज्ञेसारखा म्हणायला लावी.

त्या आगबोटीत भट्टीत कोळसा टाकणारे कामगार खालीच अडकून मेले होते. ताईंनी त्यांच्यासाठी नारळ आणला.

"त्यांच्या घरात कॅमेरा घेऊन शिरायचं, आणि रिकाम्या हातानं?"

"ताई, ते मेले मालकाच्या हलगर्जीपणानं. त्यांना नारळ नको, न्याय हवा."

"न्याय कोपऱ्यावरच्या डेअरीत मिळतो का? नारळ मिळाला." इथे वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात.

ताई खाली गेल्या. मी होडीवर ओकत होतो. तेवढ्यात माझ्यासमोर पाण्यातून नारळ वर आला. जन्मभर नारळी पौर्णिमेला वरून नारळ सोडलेल्या बाईला, तो समुद्राच्या तळाशी नेऊन सोडला तर काय करील, हे सुचलंच नव्हतं.

खाली काय झालं ते आम्ही घरी टेप लावून पाहिलं. जाड हातमोज्यांत बटण सापडत नाही म्हणून ताई होडीवर परत येईपर्यंत कॅमेरा बंदच करत नसत. त्यांनी भट्टीपाशी नारळ ठेवला, कॅमेरा छातीवर लटकता सोडला आणि त्याच्यासमोर हात जोडले. नारळ निघाला. ताईंनी कॅमेरा त्याच्यामागे वर फिरवला. डेकला पडलेल्या भगदाडातून नारळ ऐटीत वर गेला, आणि तिथे गुडघे टेकून बसलेल्या ग्रॅहमच्या हनुवटीवर आपटला. ग्रॅहमच्या हातात पाना होता. तो खिडकीची गोल पितळी चौकट खोलत होता. तो दचकला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, फक्त खाली पाहिलं नाही, आणि चौकट पिशवीत घातली.

ग्रॅहमने टेप पाहिली आणि तो घरी आला. "शरयू, तो नारळाचा भाग काढून टाक. लोक तुला हसतील."

"आणि तुझा भाग?"

"तो त्यातच जाईल. स्वीट अ‍ॅज, चालेल ना?" मग दाराशी थांबून म्हणाला, "होडी माझी आहे, विसरू नकोस."

म्हणजे फिल्म अख्खी दाखवली, की ताईंची बोटीवरची बुडी संपली. मी तिथल्या तिथे निषेधाचं पत्रक लिहायला घेतलं. ताईंनी पेन काढून घेतलं. "थांब रे क्रांतिकारका. आधी लोकांना पोटभर हसू दे."

क्लबच्या हॉलमध्ये फिल्म लागली. एक फ्रेमही कापलेली नव्हती. ताईंनी पाण्याखाली हात जोडले तेव्हा लोक हसले. नारळ निघाला तेव्हा खुर्च्या हलल्या. हनुवटीवर आपटला तेव्हा तर एकाचं जांदल, म्हणजे इथली रबरी चप्पल, पायातून उडालं. मग चौकट पिशवीत गेली, आणि सगळ्या माना ग्रॅहमकडे वळल्या.

ताई उभ्या राहिल्या. त्या इंग्रजीत म्हणाल्या ते असं: "ग्रॅहम, पेशंट बोलत नाही म्हणून त्याच्या खिशात हात घालायचा का?"

माझ्या वडिलांच्या सगळ्या पत्रकांत मिळून एवढं नेमकं वाक्य नव्हतं.

क्लबने ग्रॅहमला चौकट परत खाली ठेवायला लावली. त्याने ठेवली. ताईंना होडीवर पुन्हा कुणी बोलावलं नाही. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनीही नाही. गुडघे साथ देईनासे झाले तोवर त्या किनाऱ्यावरूनच उथळ पाण्यात बुड्या मारत राहिल्या, खेकड्यांचं शूटिंग करत. "हे अध्यक्षापेक्षा बरे. समोरून चावतात."

त्या नारळाच्या ताईंनी वड्या केल्या होत्या. "समुद्रानं परत दिलं ते प्रसाद म्हणून खायचं," ताई म्हणाल्या. मी कट्टर नास्तिक, चार खाल्ल्या.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. त्यांचं घर आवरायला मी गेलो, तर अख्ख्या घरात समुद्रातला एक शिंपलाही नव्हता.

तर आता उठा आणि तुमचं शोकेस उघडा. किल्ल्यावरून उचललेला दगड असेल, पडक्या देवळातला मूर्तीचा तुकडा असेल, कुणाच्या थडग्यावरची फरशी असेल, ती जिथली तिथे ठेवून या. जाताना हवा तर नारळ न्या. येताना मात्र रिकाम्या हातानं या.