दाजी गाडी घेणार आहेत

एखादी वस्तू विकत न घेता नुसती बघत माणूस किती वर्षं काढू शकतो, हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्यानं आमच्या दाजींना भेटावं. दाजी म्हणजे माझे थोरले साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. साखर कारखान्यात टाइमकीपर होते. दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा जन्मभर मिनिटावर टिपल्या, पण स्वतःला काही ठरवायचं म्हटलं की या माणसाला घड्याळ काय, कॅलेंडरही पुरत नाही. छताचा पंखा घ्यायचा होता तेव्हा वारा अंगाला कसा लागतो ते बघायला दुकानातच पंख्याखाली खुर्ची टाकून बसले आणि तिथंच झोपले. दुकानदार भला, त्यानं दुकान बंद करायची वेळ होईपर्यंत उठवलं नाही. जागे झाल्यावर "वारा चांगला हाय, पण झोप जरा जास्तच येतीया," असं म्हणून पंखा न घेता घरी आले. कुकर बघायला जाताना घरचे तांदूळ पिशवीत घेऊन गेले होते. आणि अक्काला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, बघायला आले तेव्हा "कळवतो" म्हणून गेले, ते न कळवता परत परत बघायलाच येत राहिले. शेवटी आमचे सासरे म्हणाले, "पावणं, पोरगी तीच हाय. बदलून आणत न्हाय आमी." तेव्हा कुठं लग्न ठरलं. अक्का अजून सांगते, "ठरलं म्हंजे काय, मांडवात उभं ऱ्हायल्यात एवढंच. मनात अजून बघायलाच लागल्यात."

आता या माणसानं गाडी घ्यायची ठरवली, याला कारण अक्काच. न्हाणीत पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ती वॉकर घेऊन घरात फिरायला लागली, पण दाजींच्या स्कूटरवर मागं बसणं संपलं आणि एसटीच्या पायऱ्या चढणंही संपलं. तिची आई, म्हणजे आमच्या सासूबाई, जयसिंगपूरला मेव्हण्याकडं असतात. वय झालेलं, आणि अलीकडं एकेक नाव त्यांच्या हातून निसटायला लागलेलं. आईला आपण आठवतोय तोवर एकदा तिच्यापुढं जाऊन बसायचं, एवढंच अक्काला हवं होतं. भाड्याची गाडी एकदा करून झाली होती. अक्काला थोड्या थोड्या वेळानं उतरून पाय सरळ करावा लागतो. ड्रायव्हर प्रत्येक वेळी मोबाइल काढून वेळ बघायचा. अर्ध्या वाटेवर, हातकणंगल्याच्या अलीकडंच अक्का म्हणाली, "फिरवा मागं. माझ्यापायी कुणाचा खोळंबा नगो." आणि आईला न भेटताच घरी आली. त्यानंतर भाड्याच्या गाडीचं नाव तिच्यापुढं काढायची सोय उरली नाही. माझ्याकडं गाडी नाही आणि मला चालवताही येत नाही. दाजींनी तरुणपणी कारखान्याची जीप चालवली होती. तेव्हा गाडी घ्यायची, ती जुनी घ्यायची आणि ती दाजींनी घ्यायची, एवढं सर्वानुमते ठरलं. पुढचं सगळं दाजींवर सोपवलं आणि तिथंच घोटाळा झाला.

कारण दाजी एकटे काही बघत नाहीत. त्यांना बरोबर एक माणूस लागतो, आणि तो माणूस मी. रविवारी सकाळी मी चहाचा कप तोंडाला लावला की फोन यायचा, "चला पावणं, नुसतं बघून येऊ." या 'नुसतं'नं माझे किती रविवार खाल्ले याचा हिशेब मी ठेवला नाही, ठेवला असता तर साडूपण टिकलं नसतं. आम्ही जायचो, गाडीवाल्याकडं चहा घ्यायचो, दाजी गाडीभोवती प्रदक्षिणा घालायचे, टायरला हात लावायचे, आणि मग दार उघडून आत बसायचे. पण कसे बसायचे, तर आधी पाठ करून सीटवर टेकायचे, मग एक पाय आत, मग दुसरा पाय हातानं उचलून आत. बराच वेळ नुसतं बसून पुन्हा तसंच उलट्या क्रमानं बाहेर. गाडीवाले बघत राहायचे. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "पावण्यास्नी काय दुखणं हाय का?" मलाही आधी कळलं नाही. मग एकदा अक्काला पलंगावरून उठताना पाहिलं आणि कळलं की हा माणूस प्रत्येक गाडीत अक्का होऊन बसतोय. कुठली सीट खोल निघायची, कुठली उंच. मी आपला दमून कुणाच्या तरी ओट्यावर बसलेला असायचो.

असं करता करता कळंब्याच्या एका निवृत्त मास्तरांची गाडी निघाली. उंच टपाची, करड्या रंगाची, वयानं पोक्त. दाजी त्यात पाठ करून बसले, उठले, पुन्हा बसले आणि पहिल्यांदाच हसले. सीट अक्काच्या मापाची होती. समोर काचेखाली बुद्धाची छोटी मूर्ती होती. दाजींनी विचारलं, "ही गाडीबरोबर येती का?" मास्तर म्हणाले, "ती माझ्याबरोबर ऱ्हाती. गाडी तेवढी न्या." आणि मग कुणी न विचारताच त्यांनी गाडीचं सगळं दुखणं सांगून टाकलं. "हे बघा, इंजिनात काम हाय. ऑइल पितंय. चढाला निळा धूर सोडतंय. हातकणंगल्यापातूर गेला की गरम हुतंय. थांबायचं, थंड होऊ द्यायचं, पाणी घालायचं, मग परत चालतंय. मी लपवणार न्हाय आनी तुमी नंतर यून भांडायचं न्हाय." दाजींनी ओळखीचा मिस्त्री आणला. त्यानं ऑइलचं झाकण काढून, इंजिन चालू ठेवून, वर तळहात धरला. हाताला काळे शिंतोडे लागले ते त्यानं आम्हाला दाखवले आणि म्हणाला, "चालतीया तवर चालवा. उघडू नका. उघडलं की गाडीपेक्षा इंजिनच म्हाग पडंल."

दुसऱ्या कुणाला एवढं पुरेसं झालं असतं. घ्यायची तर घ्यायची, नाही तर नाही. दाजींना मात्र यात चघळायला भरपूर मिळालं. ज्या गाडीचं दुखणं माहीत नाही तिच्यापेक्षा जिचं माहीत आहे ती बरी, असं ते सोमवारी म्हणायचे. मंगळवारी म्हणायचे, माहीत असून घेतली तर लोक शेण घालतील तोंडात. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की विकणारा माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतो, म्हणजे ते गुणानं चालू होतं. झालं. एक दिवस उजाडताच दाजी न सांगता कळंब्याला गेले आणि बॉनेट थंड आहे का बघायला त्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. कळंब्याच्या जेलजवळची वस्ती, तळ्याकडं फिरायला निघालेली माणसं. त्यांनी दाजींना घेरलं. "काय करताय?" "ताप बघतोय," दाजी म्हणाले, आणि ते त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की माणसांचा संशय आणखी वाढला. शेवटी मास्तर दात घासत बाहेर आले आणि म्हणाले, "सोडा त्यास्नी. घरचंच हाईत." खरोखरच तोपर्यंत ते घरचे झाले होते. मास्तरांच्या सूनबाई त्यांना बिनसाखरेचा चहा न विचारता द्यायला लागल्या होत्या. गाडी बघायला दुसरं कुणी आलं तर मास्तर त्यांना सांगायचे, "थांबा जरा, एका पावण्यांचं ठरायला लागलंय."

हे असं चाललं असताना जयसिंगपूरहून मेव्हण्याचा फोन आला. सासूबाईंनी आदल्या दिवशी माझ्या बायकोला, जी त्यांच्या समोर बसून आली होती, शेजारीण समजून निरोप दिला होता. "थोरलीला सांग, तिची वाट बघून ऱ्हायलीया मी." बायकोनं घरी येऊन हे सांगितलं नव्हतं, आता विचारल्यावर रडली. मला राग आवरेना. मी तसाच दाजींकडं गेलो आणि अंगणातच सुनावलं, "दाजी, बास झालं आता. घेणार असाल तर घ्या, नाहीतर मास्तरांना मोकळं करा. तिकडं म्हातारी विसरत चाललीय आणि तुम्ही बॉनेटला हात लावून ताप बघताय."

दाजी रागावले नाहीत. रागावण्याआधीही त्यांना विचार करावा लागतो. अक्काला ऐकू जाऊ नये म्हणून ते मला फाटकाबाहेर घेऊन आले. "पावणं, गाडी बंद पडंल हे ठरल्यालंच हाय," ते म्हणाले. "बंद पडली तर ढकलायला मी हाय. पर तवर ती उतरून बसंल कुठं? खाली बसता येत न्हाय, उभं ऱ्हाता येत न्हाय. उन्हात गाडीत ठेवू का तिला?" इतके महिने मी ज्याला घोळ म्हणत होतो त्याच्या बुडाशी हे होतं, आणि मला ते दिसलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि दाजींबद्दल मायाही.

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला तो गाडी बघायला नव्हता, रस्ता बघायला होता. त्यांच्या स्कूटरवर मागं बसून मी निघालो. शिरोली मागं पडल्यावर एका चहाच्या टपरीपुढं ते थांबले. टपरीवाल्यानं त्यांना बघताच आतून एक प्लॅस्टिकची खुर्ची काढून सावलीत ठेवली. "आली बघा काका. हाताची." हाताची म्हणजे दोन्ही बाजूंना हात असलेली, ज्यावर रेटा देऊन अक्काला उठता येईल. आधीच्या फेरीला त्याच्याकडं नुसतं स्टूल होतं, दाजींनी ते नापास केलं होतं. हा गृहस्थ माझ्याशिवाय या रस्त्यावरून फेऱ्या मारत होता. पुढं एक पंक्चरवाला, हातकणंगल्यात एक खतांचं दुकान, त्यापुढं एक रोपवाटिका. सगळीकडं दाजींची ओळख, सगळीकडं एक हाताची खुर्ची, कुणाची स्वतःची, कुणी शेजारून मागून आणलेली. खतवाल्यानं तर आपल्या गल्ल्यामागची गादीची खुर्ची दाखवून सांगितलं, "मी उठतो की. काकूंस्नी बसवा." मी दाजींना म्हटलं, "अहो, एक खुर्ची डिकीत टाकून नेली तर?" दाजींनी माझ्याकडं जरा दयेनं बघितलं. "आनी रस्त्याकडंला मांडून तीत बसवू व्हय तिला? येणारा जाणारा बघत जाणार. माणसांत बसली पायजे ती."

परतताना आम्ही सरळ कळंब्याला गेलो. मास्तरांनी मूर्ती काढून आत नेली आणि किल्ली दिली. सूनबाईंनी गाडीला फुलांचा हार घातला, आणि मास्तर दाजींना म्हणाले, "चुकल्यासारखं हुईल आता सकाळी. कोन यायचं बॉनेट बघायला?"

पहिल्या प्रवासाला आम्ही दोघं नवरा-बायकोही होतो. गाडीनं आपला शब्द पाळला. पुलाच्या चढाला धूर काढला, हातकणंगल्याच्या आत तापमानाचा काटा तांबड्यात नेला. दाजींनी ती खतवाल्याच्या दारात अशी उभी केली की जणू त्यासाठीच घरून निघालो होतो. अक्का हाताच्या खुर्चीत बसली, चहा प्याली, खतवाल्याच्या बायकोचं माहेर कुठलं ते विचारून घेतलं. त्या माहेरच्या गावात आमची एक चुलतमावशी दिल्याचं निघालं. गाडी थंड झाली तरी यांच्या गप्पा थंड होईनात. टपरीवाल्याकडं जाताना थांबायची गरज पडली नव्हती, तर परतताना थांबावं लागलं, कारण त्याचा रुसवा परवडणारा नव्हता. जाताना तासाभराचा रस्ता, पण आम्ही जयसिंगपूरला पोचलो तेव्हा मेव्हण्याकडं जेवणं आटपत आली होती.

सासूबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. अक्का वॉकर टेकत आत गेली आणि त्यांच्यापुढं उभी राहिली. त्यांनी बराच वेळ बघितलं. आम्ही बाकीचे दारातच थांबलो. मग त्या म्हणाल्या, "आलीस व्हय गं थोरले? कशानं आलीस?"

"आमच्या गाडीनं, आई," अक्का म्हणाली.

बाहेर दाजी बॉनेट उघडून त्यात डोकं घालून उभे होते. ते लवकर वर आले नाहीत. मीही हाक मारली नाही.

त्यानंतर दर रविवारी दाजी आणि अक्का जात राहिले. सासूबाईंना मागचा रविवार आठवायचा नाही, त्यामुळं दर वेळी त्या नव्यानं विचारायच्या, "कशानं आलीस?" आणि दर वेळी अक्का तेच सांगायची. सासूबाई तितक्याच नवलानं "गाडी घेतलीसा व्हय? बरं केलासा," म्हणायच्या. दाजी हे ऐकायला मुद्दाम दारात घुटमळायचे. जगानं नावं ठेवलेली ती गाडी त्या घरात दर रविवारी नवी कोरी होती.

नंतर एका रविवारी सासूबाईंनी काही विचारलं नाही. डोळे उघडे होते, पण बघणं कुठं दुसरीकडंच होतं. अक्का त्यांच्याजवळ टेकली, हात हातात घेतला आणि थोडा वेळ वाट बघून आपणच म्हणाली, "आई, आमच्या गाडीनं आलोय." दाजी दारातच उभे होते. ते आत आले, अक्काच्या पाठीशी थांबले आणि म्हणाले, "बस निवांत. गाडी थंड व्हायला येळ हाय अजून."