शारजातला गॅस आणि वसईची भाकरी

दुबईच्या अल कुसैसमधलं घर सोडून आम्ही शारजात राहायला आलो. इथे सिलिंडर नव्हता, गॅस पाइपने यायचा. आमचा दोन बर्नरचा स्टोव्ह मात्र वसईहून आणलेला, सिलिंडरसाठी बनवलेला. जोडणी करायला आलेल्या माणसाने साबणाचं पाणी लावून गळती तपासली आणि जाता जाता सांगितलं, "भाईसाब, जेट बदलवा लो. इससे आग नहीं आएगी." जेट म्हणजे बर्नरखालचं पितळी बोंड. त्याच्या भोकातून गॅस येतो. पाइपच्या गॅसला दाब कमी, म्हणून भोक मोठं लागतं.

आग खरंच आली नाही. बायकोने तवा ठेवला, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या चर्चमध्ये अल्तारावरची मेणबत्ती यापेक्षा मोठी जळते."

शुक्रवारी वसईहून माझी आई येणार होती, या घरात पहिल्यांदाच. तिला तांदळाची भाकरी लागते, आणि ती जाळावर टम्म फुगलेलीच. फुगली नाही तर आई नुसती बोटांनी पापुद्रा शोधत बसते. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण ते शोधणं बायकोला अजून सहन होत नाही.

"शुक्रवारपर्यंत जाळ आला नाही," तिने बजावलं, "तर मी सांगणार, आई, आजची भाकरी तुमच्या मुलाने केलीय."

मी कोणाला बोलावलं नाही. मी अकाउंट्समधला माणूस, आकड्यांवर माझा विश्वास. जेटवर भोकाचा आकडा कोरलेला असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. अल कुसैसच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मी भिंग घेऊन एकेक आकडा वाचत बसलो, तेव्हा दुकानदार वैतागला. "हबीबी, रोटी बनानी है या ऑडिट करना है?"

मोठ्या बर्नरला एकशे पंचवीस, छोट्याला सत्त्याण्णव, असे दोन घेतले. घरी आल्यावर बायकोला समजावलं, "भोक दीडपट रुंद झालं की क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं."

"क्षेत्रफळ आईंना वाढा. मी भाकरी वाढते."

गुरुवारी संध्याकाळी गॅस बंद केला. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. मोठा बर्नर डावीकडे, म्हणून मोठा जेट डावीकडे ठेवला, छोटा उजवीकडे. मग पुस्तकाचं पान उलटावं तसा स्टोव्ह पालथा घातला, डावीकडचा जेट डावीकडे बसवला, उजवीकडचा उजवीकडे. स्टोव्ह सरळ करून जागेवर ठेवला, साबणाचं पाणी लावलं, गळती नव्हती. मी समाधानाने हात धुतले.

बायकोने चहाचं पातेलं छोट्या बर्नरवर ठेवलं आणि दोन्ही बर्नर पेटवले. मोठ्यावर निळे दाणे कसेबसे उभे होते. छोट्यावर पिवळ्या ज्वाळा पातेल्याच्या काठापर्यंत चढल्या. पातेलं बाहेरून काळं झालं.

मुलगी मोबाइलमधून वर बघत म्हणाली, "डॅडी, इज धिस नॉर्मल?"

"आकडे बरोबर आहेत," मी म्हणालो.

बायकोने गॅस बंद केला. एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा स्टोव्हकडे. मग स्वतःचा तळहात माझ्यासमोर धरून उलटा केला. "अहो, अंगठा कुठे गेला बघा. स्टोव्ह पालथा घातल्यावर डावा बर्नर डावीकडेच राहिला का?"

मी वर्तमानपत्र पुन्हा अंथरलं.

शुक्रवारी दुपारी आई ओट्याजवळ खुर्ची टाकून बसली. बायकोने तव्यावरची भाकरी चिमट्याने उचलून जाळावर धरली. मी दारात उभा होतो. भाकरी आधी एका कडेने वर आली, मग सगळीच फुगली. आईने बोटाने टोचून वाफ काढली, पापुद्रा वेगळा केला आणि म्हणाली, "इथला गॅस चांगला आहे गो. वसईला असा नाही येत."

"ऐकलंत?" बायको माझ्याकडे न बघता म्हणाली. "पीठ मी मळलं, जेट तुम्ही बसवले, आणि कौतुक गॅसचं."

किती वेळा बसवले, ते तिने आईला सांगितलं नाही. मी दुसरी भाकरी मागितली.