आईने धुतलेला मका

किआ ओरा, म्हणजे इथला नमस्कार, मंडळी! आज डोकं पार फिरलंय.

आमचा हीटर मक्याचे दाणे जाळून चालतो. दाण्यांत भुसा राहिला की हीटर चोंदतो आणि घर गारठतं. म्हणून चार महिन्यांपूर्वी पुण्याहून इथे परदेशात आमच्याकडे आलेली आई रोज दुपारी गॅरेजमध्ये बसून सुपाने मका पाखडायची. या वयात, या थंडीत! मला बघवेना.

दोन वीकएंड घालवून मी मशीन बनवलं. उतरता पाइप, खाली जाळी, भुसा ओढायला जुना व्हॅक्यूम क्लीनर. आज सकाळी अख्खं पोतं वीस मिनिटांत चकाचक! खुशीत ईस्ट टामाकीला कामावर गेलो.

संध्याकाळी येतो तर हीटर बंद, घर बर्फ. आईने तो सगळा मका धुऊन चादरीवर पसरला होता. वर थोडा ओलाच हीटरमध्ये ओतलाही होता. दाणे फुगून आत घट्ट बसलेले.

मी ओरडलोच. "साफ केलेला मका धुतलास कशाला? काही कळतं की नाही तुला?" हो, आईला असंच बोललो.

ती चादर गोळा करत म्हणाली, "पाखडायचं काम तुझ्या मशीनने केलं. मग मी दिवसभर काय करू रे?"

आम्ही राहतो त्या टाकानिनीत दिवसा गल्लीत माणूस दिसत नाही. आम्ही दोघं नवरा-बायको कामावर, मुलगी शाळेत, आईला गाडी येत नाही.

आता हीटर खोलून बसलोय आणि स्वतःचाच भयंकर राग येतोय. खरं सांगा, तुमच्याकडे आलेल्या आई-बाबांना तुम्ही कधी विचारलंय, दिवसभर काय करता म्हणून? चार महिन्यांत मी एकदाही नाही.