हौदु, बंद!

सुनंदा ग्रामपंचायतीत कंत्राटावर कॉम्प्युटरला बसायची. गाव बेळगावपासून हाकेच्या अंतरावर, पण वरच्या गल्लीतल्या नळांना महिनाभर पाण्याचा टिपूस नव्हता. तिथल्या जयाबाईंची तक्रार सुनंदा पुन्हा पुन्हा चढवायची आणि दर वेळी 'निवारण झाले' असा शेरा येऊन ती मिटायची.

तक्रारी मिटवण्याची ही नवी सुधारणा दिसायला झकास होती. तक्रार केली की आपोआप फोन यायचा आणि रेकॉर्ड केलेली बाई कानडीतून विचारायची, "नीरु बंदिदेया?" म्हणजे पाणी आलं का? 'हौदु', म्हणजे हो, म्हटलं की काम झालं. एकही तक्रार शिल्लक नाही म्हणून गावाचं नाव झालं, आणि इथून धडा घ्यायला बाहेरच्या जिल्ह्यांतले अधिकारी जीपा भरभरून येऊ लागले. नाव मोठं, लक्षण खोटं!

त्या दिवशी पंचायतीच्या साहेबांनी पाहुण्यांसमोर सुनंदाला थेट जयाबाईंनाच फोन लावायला सांगितलं. सभागृहात आवाज घुमला, "नीरु बंदिदेया?"

"हौदु! बंद, बंद!" जयाबाई जीव तोडून ओरडल्या.

टाळ्या पडल्या. सुनंदाला मात्र त्यातली गफलत आत्ता कळली. म्हातारीचं कानडी बाजारापुरतं. 'बंदिदे' म्हणजे आलंय, हे तिला कुठलं ठाऊक? तिला त्यात आपलं मराठी 'बंद'च ऐकू येत होतं. गल्लीतल्या साऱ्या म्हाताऱ्या याच शब्दाला हौदु म्हणत आल्या असणार.

ती उठली. "सर, त्या बंद म्हणाल्या."

"हां, बंदिदे. तेच की!" कानडी साहेब हसले.

पुढचं सगळं तिला स्वच्छ कानडीत सांगता आलं असतं. पण तिचं कंत्राट साहेबांच्या सहीसाठी अडलं होतं. पाहुणे तर तेच रेकॉर्डिंग आपापल्या तालुक्यांसाठी मागून घेत होते. ती खाली बसली. तिला स्वतःचीच शिसारी आली.

संध्याकाळी जयाबाई पंचायतीच्या दारात हजर.

"सुनंदा, फोनवर टाळ्या वाजल्या गं! लई माणसं हुती न्हवं?"

"व्हय, आज्जी."

"बरं झालं बाई. एवढ्या साहेबांनी ऐकलं, आता पाणी आल्याबिगर ऱ्हातंय व्हय? तुझ्यामुळं गं हे."

त्यांनी तिच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. सुनंदानं दृष्ट काढून घेतली.