आडनाव नसलेल्या देशात संघमित्रा

आईसलँडला निघालोय असं सोसायटीत कळलं, तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "बर्फच बघायचा ना? आमचा फ्रीज उघडून दाखवतो. व्हिसा लागत नाही."

पुण्याच्या वारज्यात राहायचं तर एवढं ऐकून घ्यावंच लागतं. ठरवलं होतं तिघांनी, गेलो मात्र दोघंच, मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी संघमित्रा. माझी बायको वैशाली परिचारिका आहे. तिची रजा ऐनवेळी रद्द झाली. बॅगा भरताना ती म्हणाली, "अहो, तिला नुसते धबधबे दाखवत हिंडवू नका. हाताने काहीतरी करू दे तिला." म्हणून मी आमचा सगळा बेत मुलांसाठीच्या कार्यशाळांभोवती आखला. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर तुम्हीही तसंच करा.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. इथून थेट विमान नाही. मुंबईहून जर्मनी आणि तिथे विमान बदलून पुढे साडेतीन तास. विमानतळावरून राजधानी रेक्याविकपर्यंत बस मिळते, पाऊण तास लागतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळा, खडबडीत लाव्हा आणि त्यावर राखाडी शेवाळ. संघमित्रा काचेला नाक लावून बसली होती. "बाबा, इथे कोणी राहतं का?" असं तिने दोनदा विचारलं.

खाणं महाग आहे, हे आधीच सांगतो. दोघांच्या साध्या सूपच्या पैशांत पुण्यात चौघांचं झकास जेवण होईल. आम्ही स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती. दुकानातून पाव, बटाटे आणि स्कीर आणायचो. स्कीर म्हणजे आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ. सोबतीला वैशालीने दिलेल्या तिखट पुऱ्या होत्या. नळाच्या गरम पाण्याला उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. घाबरू नका, ते जमिनीतूनच तसं येतं.

दुसऱ्या दिवशी शहराच्या कडेला असलेल्या एका खुल्या संग्रहालयात गेलो. तिथे जुनी घरं जशीच्या तशी उभी आहेत, काहींच्या भिंती आणि छपरं गवतासकट कापलेल्या मातीच्या थरांची. तिथल्या सिगरून नावाच्या साठीच्या बाईंनी मुलांना घोळक्यात बसवलं आणि पुढ्यात मेंढीची हाडं ठेवली. पूर्वी इथल्या मुलांकडे खेळणी नसायची. पायाचं हाड म्हणजे घोडा, जबडा म्हणजे गाय, शिंग म्हणजे मेंढी. संघमित्रा आधी हात लावेना. मग एका जर्मन मुलीने तिची गाय पळवली, तशी ही उठली, आणि अर्ध्या तासात दोघींचा सामाईक गोठा तयार झाला. नंतर लोकर पिंजणं झालं. दोन काटेरी फळ्यांमध्ये लोकर ओढताना तिची बोटं ओरबाडली गेली, पण शेवटी ती पिळून एक वेडावाकडा धागा निघाला.

मग पिसाच्या लेखणीने नाव लिहायचं होतं, तेही तिथल्या पद्धतीने. सिगरूनने सांगितलं, "आमच्याकडे बहुतेकांना आडनाव नसतं. आपलं नाव आणि वडिलांचं किंवा आईचं नाव, बस्स. मुलगी असेल तर पुढे 'दोत्तिर' लावायचं. तुझ्या वडिलांचं नाव काय?"

"आनंद."

"मग तू संघमित्रा आनंदसदोत्तिर."

संघमित्राचा चेहरा उजळला. "आमच्यातही वडिलांचं नाव मध्ये असतं," ती म्हणाली. "फक्त त्याच्यापुढे अजून एक असतं."

"ते कशासाठी?" सिगरूनने अगदी सहज विचारलं.

संघमित्राने माझ्याकडे पाहिलं. मी शाईच्या बाटलीकडे पाहिलं.

इथे मला थोडं मागे जावं लागेल. जानेवारीत ती एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. मैत्रिणीच्या आजीने लाडाने विचारलं, "पूर्ण नाव सांग बाळ." हिने ठसक्यात सांगितलं, "संघमित्रा आनंद गजभिये." आजी "बरं" म्हणाल्या आणि गप्प झाल्या. त्या घरातून पुन्हा बोलावणं आलं नाही. घरी आल्यावर संघमित्राने मला विचारलं होतं, "बाबा, आडनाव ऐकल्यावर त्या गप्प का झाल्या?" मी म्हणालो, "त्यांना नीट ऐकू आलं नसेल." तेव्हापासून ती कुणालाही आडनाव सांगेनाशी झाली. मला दिसत होतं. मी विषय काढला नाही.

तिसऱ्या दिवशी भाड्याची गाडी घेऊन लाउगारवात्न या तळ्याकाठच्या गावी गेलो. रस्ता उत्तम, सव्वा तासाचा. आपल्या उलट, उजव्या बाजूने चालवायचं, एवढं पहिल्या चौकात लक्षात ठेवा. तिथे तळ्याकाठची काळी वाळू आतून उकळत असते आणि लोक तिच्यात राय नावाच्या धान्याच्या पिठाचा पाव पुरून भाजतात. मुलांनी पीठ कालवलं, भांडं घट्ट बंद केलं आणि फावड्याने खड्डा खणून पुरलं. पाव व्हायला चोवीस तास लागतात, म्हणून आम्ही तिथेच मुक्काम केला.

वाळूवर दगड रचून खूण करताना संघमित्रा म्हणाली, "बाबा, आपण इथे राहिलो तर कोणाला काही सांगावंच लागणार नाही ना?"

इतक्या लांब येऊन मुलीला हे सुचावं, याचं मला फार वाईट वाटलं. स्वतःची लाजही वाटली.

"संघमित्रा, त्या आजींना ऐकू आलं होतं," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."

मग तळ्याकाठी बसून सगळं सांगितलं. आडनावावरून लोक जात ओळखतात, हे सांगितलं. आमच्या घरच्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, हेही सांगितलं. माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की आजपासून मान खाली घालून बोलायचं नाही. शेवटी ती म्हणाली, "मग तुम्ही का घातलीत?"

"चुकलं," एवढंच म्हणालो. तिने तिची थंडगार बोटं माझ्या जॅकेटच्या खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी पाव निघाला. गडद तपकिरी, ओलसर, गुळासारखा गोड. लोण्याबरोबर उभ्याउभ्याच अर्धा संपवला.

परत येऊन आता तीन आठवडे झाले. आलो त्या दिवशी वैशालीने विचारलं, "एवढा खर्च केलात, काय आणलंत?" धागा दाखवला, तर म्हणाली, "कात्रजच्या घाटातल्या मेंढ्यांनी फुकट दिला असता." पण रात्रीच्या जेवणाला तिने संघमित्राकडून तळ्याकाठची सगळी गोष्ट ऐकली, आणि माझ्याकडे एकदाच, बराच वेळ पाहिलं.

गेल्या रविवारी संघमित्राने एक मोठा कागद घेतला. आपल्या घरातली सगळी नावं तिथल्या पद्धतीने लिहायची, असं तिने ठरवलं होतं. मुलाला 'सोन', मुलीला 'दोत्तिर'. तिने भंडाऱ्याला माझ्या वडिलांना फोन लावला. संघमित्रा आनंदची, आनंद वसंतचा, वसंत सुखदेवचा. दीक्षा घेतली ते सुखदेव.

"आणि आजोबा, सुखदेवच्या बाबांचं नाव?"

फोन स्पीकरवर होता.

"बेटा, ते मलाही माहीत नाही," माझे वडील म्हणाले. "गावात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. जातीनेच बोलवत. माझे वडील लहान असतानाच ते गेले."

मी संघमित्राकडे पाहत होतो. ती रडेल असं वाटलं. तिने पेन उचललं आणि सुखदेवच्या वर एक रेघ मारली, नाव मावेल एवढी लांब. रेघेवर काही लिहिलं नाही. मग कागदाच्या तळाशी, ठळक अक्षरांत, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. तिन्ही शब्द.

कागद आता दाराशेजारी लावलाय. येणारे लोक त्या रेघेबद्दल विचारतात. उत्तर मी देतो.