शाळेला चांगली म्हणायचं नव्हतं

नातीच्या शाळेची तपासणी होती. इथे आखातात सरकारची माणसं येतात, शाळेला शेरा देतात. शेरा वर गेला की शाळेला फी वाढवायची मुभा. म्हणून इथले आईबाप शाळेचं कौतुक नातेवाइकांपुढे करतात आणि तपासणीवाल्यांपुढे तोंड कडू करून बसतात.

मुलगा-सून ऑफिसात, म्हणून पालकांच्या बैठकीला मला पाठवलं. मी चौथी पास, तीही ढकलत ढकलत.

"बाबा, शाळा बरी आहे म्हणा. चांगली नको," मुलगा म्हणाला. "फी वाढली तर हिची शाळा बदलावी लागेल."

"आजोबा, जस्ट से ओके-ओके," नात म्हणाली.

तपासणीच्या बाई हिंदी बोलणाऱ्या निघाल्या. त्यांनी शिस्तीचं विचारलं.

"बच्चा लोग टीचर से डरताच नहीं," मी म्हटलं.

"पढ़ाई?"

"पच्चीस का पहाड़ा नहीं आता. मेरे को आता है."

बसचा एसी इतका थंड, की पोरगी फ्रिजमधल्या भाजीसारखी घरी येते, तेही सांगितलं. बाजूच्या आया खूश.

"कुछ तो अच्छा होगा, अंकल?"

इथे माझं गाडं घसरलं. माझी बायको गेली, तेव्हा तिच्या कुशीत झोपणाऱ्या नातीची रात्रीची झोप उडाली. वर्गात बाकावरच मान टाकायची. तिच्या टीचरने उठवलं नाही. अंगावर स्वतःची ओढणी घातली आणि बुडालेलं गणित मधल्या सुट्टीत शिकवलं. हे सगळं मी सांगून बसलो. नाक गळायला लागलं. बाईंनी टिशू पुढे केला, तोवर मी बाहीला पुसलं होतं.

बाजूची आई मराठीत पुटपुटली, "काका, वाट लावलीत."

संध्याकाळी मुलाने विचारलं, "काय सांगितलंत?"

"खरं."

"खलास!"

शेरा वर गेला. एका म्हाताऱ्याच्या नाकाने शेरा हलत नाही, पण मुलगा अजून मलाच जबाबदार धरतो. फी वाढली. सुनेने ती दिरहममध्ये मोजली, मग रुपयांत मोजली आणि रुपयांत कशाला मोजली म्हणून चिडली. पण ती टीचर याच पोरांबरोबर वरच्या वर्गात जाणार होती. सून म्हणाली, "शाळा नाही, घर बदलू."

अल बर्शातलं घर सोडून स्वस्त भाड्याच्या डिस्कव्हरी गार्डन्सला आलो. एक खोली कमी, म्हणून नात माझ्या खोलीत. आता ती रात्रभर झोपते. घोरते. अगदी आजीसारखी, आधी शिट्टी, मागून डंपर. बायको गेल्यापासून मला झोप नव्हती, ती आता लागते.

सून म्हणते, "बाबा, हिला नाकाच्या डॉक्टरला दाखवू."

मी म्हटलं, "खबरदार!"